एलीदे पाहुणी झाली तो आठवडा

एलीदेचं अंगण आणि माझं अंगण यांच्यामध्ये एक डाळिंबाचं झाड आहे, बाकी काही नाही. त्यामुळे तिच्या घरात भांडण झालं की ते मला ऐकू येतंच. पण ते क्वचितच होई, कारण भांडायला दोघं घरी असावी लागतात. ती आणि तिचा नवरा नात्सारेनो दिवसभर वर टेकडीवर, बाईंच्या बंगल्यात.

हा बंगला मिलानच्या एका कुटुंबाचा. म्हातारी बाई होती तोवर ते लोक स्वतः उन्हाळ्यात यायचे. ती गेल्यावर मुलीनं, ओत्तावियानं, बंगला पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. हॉलंडची, जर्मनीची, बेल्जियमची जोडपी येतात, आठवडाभर राहतात, पोहण्याच्या तलावात डुंबतात, द्राक्षवेलीच्या मांडवाखाली वाइन पितात आणि जाताना रडवेली होतात. एलीदेनं चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, पहिल्या दिवशी स्वयंपाक करून ठेवायचा. नात्सारेनोनं बाग आणि तलाव बघायचा. कित्येक वर्षं दोघांचं हेच. स्वतः ती दोघं कुठे सुटीवर गेली असं मी तरी पाहिलं नाही.

त्या वर्षी ऑगस्टच्या उन्हात धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन जिना चढताना एलीदेला भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटो उकळायला काढले. हे ओत्तावियाच्या कानावर गेलं. कुणी सांगितलं ते विचारू नका, गावात फोन सगळ्यांकडे आहेत. सप्टेंबरअखेरच्या पाहुण्यांनी येणं रद्द केलं होतं. ओत्ताविया स्वतः गाडी चालवत आली आणि एलीदेच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "तो आठवडा तुम्ही दोघांनी बंगल्यात राहायचं. पाहुणे म्हणून."

"अगं, विश्रांती मी घरीच घेईन की."

"इथे? इथे तुम्ही सॉसच्या बाटल्या भरत बसाल. मला आठवतंय, लहानपणी मला ताप आला की तुम्ही पलंगावरून पाय खाली टेकू द्यायचा नाहीत. आता माझी पाळी."

"आणि साफसफाई कोण करणार?"

"पाल्मीरा करणार. मी बोलले त्यांच्याशी."

पाल्मीरा म्हणजे मी, तिथेच दाराशी उभी होते. एलीदेनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या कोंबड्या चोरल्यात.

रविवारी दोघं छोटी पेटी घेऊन वर गेली. सोमवारी सकाळी मी बंगल्यात पोचले तर स्वयंपाकघराची फरशी ओली होती आणि भांडी चकचकीत. वर झोपायच्या खोलीत पलंगावर एक सुरकुती नाही. खिडकीशी एलीदे उभी, काळ्या झग्यावर एप्रन बांधून.

"तुम्ही झोपलात कुठे?" मी विचारलं.

"पलंगावरच. पण कडेला. मधे झोपायचं म्हणजे जिवावर येतं गं."

"एप्रन सोड."

"सोडते. तू त्या कपाटामागचं जाळं काढशील ना? तुझ्या घरी मी पाहिलंय, कपाटामागे तू कधी बघत नाहीस."

"बाईसाहेब," मी म्हटलं, "पाहुण्यांनी मोलकरणीच्या घराची चौकशी करू नये. खाली जाऊन खुर्चीत बसा."

खाली नात्सारेनो बसलाच होता. त्याचं मात्र बरं चाललं होतं. वेताच्या खुर्चीत पाय पसरून, टोपी डोळ्यांवर ओढून तो मला म्हणाला, "पाल्मीरा, कॉफी आण. दोन चमचे साखर. आणि हसून आण, आम्ही लांबून आलोय."

"खालच्या गल्लीतून," मी म्हटलं.

मंगळवारीही तसंच. नात्सारेनो घोरत होता, एलीदे माझ्यामागून फिरत होती. मी उशांचे अभ्रे चढवले की ती ते पुन्हा ओढून सरळ करायची. शेवटी मी झाडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा घे. मी खुर्चीत बसते, तुझ्या नवऱ्याशेजारी." तेव्हा ती ओशाळली. बाहेर जाऊन तलावाच्या काठावर बसली, चपला काढून, पण पाय पाण्यात न घालता. बराच वेळ ती तशीच बसून होती. दमली असेल असं मला वाटलं.

बुधवारी सकाळी वारा सुटला आणि अक्रोडाची पानं तलावात पडली. इतके दिवस निवांत बसलेला नात्सारेनो ती पानं बघून अस्वस्थ झाला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मटार सोलत होते. तो उठला, लांब काठीची जाळी घेतली आणि काठावर वाकला. पायात त्यांच्या मुलीनं पाठवलेल्या नव्या सपाता होत्या. ओल्या दगडावरून त्याचा पाय सटकला आणि तो खोल बाजूला पाण्यात गेला. ओरडलादेखील नाही.

नात्सारेनोला पोहता येत नाही हे गावाला ठाऊक आहे. आम्ही डोंगरातली माणसं, पोहून जाणार कुठे? मी धावले. पण मी दारातून बाहेर पडेपर्यंत एलीदेनं अंगावरच्या झग्यासकट उडी मारली होती. ती पाण्याखाली गेली, त्याच्या पाठीमागून वर आली, हनुवटीखाली हात घातला आणि त्याला उताणा ओढत उथळ बाजूला घेऊन आली. हे सगळं तिनं इतकं सहज केलं, की मला चादर वाळत घालणारी एलीदे आठवली.

मी दोघांना टॉवेलात गुंडाळलं. नात्सारेनो खोकत होता, डोळे लाल. श्वास परत आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं: "तुला पोहता येतं?"

"मी कोळ्याची मुलगी आहे."

"कोळ्यांना कुठे पोहता येतं? तुझ्या बापाला येत नव्हतं. त्यानंच मला सांगितलं होतं."

"बाबांना नव्हतं येत. म्हणून आईनं आम्हा मुलींना शिकवलं. धक्क्यापासून खडकापर्यंत मी जाऊन यायचे, रोज. पोरांना हरवायचे."

"मग एवढ्या वर्षांत कधी..."

"तुझ्या आईनं पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं, आमच्या घरातल्या बायका लोकांसमोर अंग भिजवत नाहीत. मग सुगी आली, मग पोरगी झाली, मग हा बंगला. राहून गेलं."

"आई जाऊनही किती वर्षं झाली, एलीदे. मला सांगायचंस."

"तू विचारायचंस," ती म्हणाली. रागावून नाही, सरळ. "बसनं अर्ध्या तासावर आहे समुद्र. तू कधी एकदा तरी विचारलंस, तुला जायचंय का म्हणून?"

तो टॉवेलाचं टोक पिळत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाल्मीरा, तू जरा आत जा." मी आत गेले. खिडकी उघडी होती, खोटं कशाला बोलू, पण ऐकण्यासारखं काही आलंच नाही. दोघं नुसती बसून होती. त्याचा हात तिच्या ओल्या केसांवर होता, आणि तो हात तिथे काय करतोय हे त्याला स्वतःलाच कळत नसावं.

दुपारी मी पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंचं कपाट उघडलं. छत्र्या, चष्मे, आणि तळाशी कुणा धिप्पाड डच बाईचा पोहायचा पोशाख, पिवळाजर्द, त्यावर भलीमोठी लाल फुलं. मी तो एलीदेसमोर धरला.

"हा घालून मी बाहेर येऊ? गाव हसेल."

"गाव खाली आहे. वर मी एकटी आहे, आणि मी आत्ताच हसून घेते."

पिवळा पोशाख खांद्यावर दोन पिना लावून तिला बरोबर बसवला. ती पाण्यात उतरली आणि एका दमात या टोकापासून त्या टोकाला गेली, परत आली, पुन्हा गेली. चेहरा पाण्याबाहेर आला की ती तोंड उघडून श्वास घ्यायची, तेव्हा ती फार तरुण दिसायची. नात्सारेनो टोपी हातात घेऊन काठावर उभा होता, चर्चमध्ये उभा राहावा तसा.

गुरुवारी तिनं त्याला पाण्यात उतरवलं. कंबरभर पाण्यात त्याच्या पाठीखाली हात धरून म्हणाली, "आडवा हो. मान सोड."

"सोडली तर बुडेन."

"मी आहे ना खाली. सोड."

"कान भरले पाण्यानं. काही ऐकू येत नाही."

"उत्तम. आता थोडा वेळ मी बोलते."

काय बोलली ते मला माहीत नाही, कारण मी माशांचं कालवण चुलीवर ठेवलं होतं आणि ते उतू जायला आलं होतं. मी परत आले तेव्हा तो तरंगत होता, डोळे मिटून, आणि तिनं हात काढून घेतला होता. त्या दिवशी दोघांनी जेवताना वाडगे पावाच्या तुकड्यानं पुसून खाल्ले आणि उठलीही नाहीत. भांडी मी उचलली. एलीदेनं बसल्याबसल्या तिचा वाडगा माझ्याकडे सरकवला.

शनिवारी मी चढून गेले तेव्हा खोलीत पलंग विस्कटलेला होता, दोन्ही उशा मधोमध. ती दोघं अजून खाली पाण्याशीच होती. मी चादरी काढल्या, धुतल्या, वाळत घातल्या.

हिवाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि जिना चढणं कमी करा म्हणाले. तेव्हापासून वरचा मजला माझ्याकडे आहे. एलीदे खालून ओरडून सूचना देते. नात्सारेनो एकदा तिला घेऊन समुद्रावर गेला, जानेवारीत, कोट घालून. तिथल्या थंडीनं पाय गारठले असं म्हणत आठवडाभर कण्हत होता, पण कुणी विचारलं की आधी समुद्राचंच सांगायचा.

फेब्रुवारीत ओत्तावियाचा फोन आला. मी तिथेच बसले होते, बीन्स निवडत. या वर्षीही सप्टेंबरअखेरचा आठवडा तुमच्यासाठी रिकामा ठेवते, असं ती म्हणत होती. एलीदेनं आभार मानले. मग फोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, "सप्टेंबर नको गं. पाणी थंड होतं. जून दे."

जून म्हणजे ऐन हंगाम. मग ओत्ताविया हसली, इतक्या मोठ्यानं की मलाही ऐकू आलं, आणि म्हणाली, "दिला."