लोणावळ्यात समुद्र आणण्याचा प्रयत्न

समस्त मावळवासीयांस, तसेच घाटाखालील आप्तेष्टांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या आयुष्यातला सर्वांत बिकट निर्णय मी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लोणावळ्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जमिनीवर उकिडवा बसून घेतला. निर्णय नोकरीचा नव्हता, जमिनीचा नव्हता. काचेच्या पेटीत पाणी खारं भरायचं की गोडं, एवढाच होता. हसू नका. माझी बायको माझ्याकडे राहणार की माहेरी जाणार, ते त्या पाण्यावर ठरायचं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मी स्टेशनाच्या मालधक्क्यावर कारकून होतो. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. बायको अलिबागकडची. तिच्या माहेरच्या ओटीवर बसलं की समुद्र दिसायचा. आमच्या दारातून कोळशाच्या वखारीची भिंत दिसायची. भांडण नव्हतं, तंटा नव्हता, पण ती दिवसेंदिवस कमी बोलू लागली, आणि श्रावणात तिने वडिलांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं. दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचू नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ते कधी पोस्टापर्यंत नेलेलं नसतं. लिहिलं होतं, 'इथे ओल फार, समुद्र मात्र नाही. मला न्यायला या.' मी ते इमानाने पोस्टाच्या पेटीत टाकलं. सासऱ्यांचं उत्तर आलं, भाताची कापणी उरकली की येतो.

म्हणजे कापणीपर्यंत मला मुदत होती.

त्याच सुमारास खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या पारशी बाईंनी आपलं बिऱ्हाड मुंबईला हलवलं. त्यांचं सामान मी जातीने गाडीत चढवून दिलं. शेवटी राहिली लोखंडी चौकटीची, दोन हात लांब अशी माशांची काचपेटी. "वाटेत फुटेल, दीकरा," बाई म्हणाल्या, "तूच ठेव." आणि मला तिथेच, फलाटावर, साक्षात्कार झाला. बायको समुद्राकडे जात असेल, तर समुद्रच घरी आणावा!

वाण्याकडून खडेमीठ आणलं, विहिरीच्या पाण्यात कालवलं आणि मोठ्या ऐटीत बायकोला पेटीपुढे उभं केलं.

"चाखून बघ."

तिने करंगळी बुडवून जिभेला लावली. "आमटीला चालेल. समुद्राला नाही."

"कमी काय आहे?"

"समुद्र."

मी आणखी दोन मुठी मीठ टाकलं. पुन्हा करंगळी. "आता यात कैऱ्या घाला," ती म्हणाली, आणि खुदकन हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा! त्या हसण्याने माझं डोकं साफ फिरलं.

मुंबईच्या गाडीवर एक गार्ड माझा दोस्त होता. त्याने तीन खेपांत दुधाच्या किटल्या भरभरून खरं समुद्राचं पाणी आणलं, आणि शेवटच्या खेपेला एका कोळ्याकडून बोटाएवढे पाच बोयटाचे मासे आणि एक चिंबोरी. किटली माझ्या हातात देताना म्हणाला, "लेका, घाटात गाडी थांबली की मी आधी मासे बघतो आणि मग सिग्नल. नोकरी घालवशील माझी!"

पहिला दिवस थाटाचा गेला. बायकोने पेटीवर वाकून डोळे मिटून वास घेतला. "हं. हा समुद्र." फेटा उडवायचाच काय तो बाकी होता. दुसऱ्या दिवशी चिंबोरी नाहीशी झाली. ती शेजारच्या तिकीट कलेक्टरांच्या बुटात निघाली. शोध त्यांच्या अंगठ्याने लावला. पेटीतलं पाणी जरा उतरलेलं दिसलं म्हणून मी विहिरीचं पाणी आणि अंदाजाने मीठ घालून ते सारखं केलं. तिसऱ्या दिवशी दोन मासे उलटे झाले, पाचव्या दिवशी सगळे. घरात उभं राहवेना. बायकोने नाकाला पदर लावून ते वखारीमागे पुरले आणि हात धुताना एवढंच म्हणाली, "त्यांनाही इथलं मानवलं नाही."

मी पेटी रिकामी करून कोपऱ्यात ठेवली.

आंदर मावळातून एक आबा आम्हाला तांदूळ घालायला यायचे. पोतं उतरवून त्यांनी रिकाम्या पेटीला एक प्रदक्षिणा घातली.

"ह्ये काय वो बाबू? द्येव बसवायचाय का यात?"

"मासे ठेवले होते, आबा. खाऱ्या पाण्यातले. मेले."

"खारं पानी? हितं?" आबा मटकन खालीच बसले. "आवं, मिठाच्या पान्यात मासा आमी बी ठिवतो, पन चुलीवर! जित्याला गोडं पानी द्या."

"पण आबा, हिला समुद्र..."

"तुमी गप बसा. सूनबाय, तू सांग. तुला समुद्र पायजे का मासं पायजेत?"

तिने काचेवर सुकलेलं मीठ पदराने पुसलं. "जे जगतील ते," ती म्हणाली.

आठवड्याने आबा मडकं घेऊन हजर. भातखाचरातल्या पाण्यात धरलेल्या सात खवल्या, बोटभर मासोळ्या, चांदीसारख्या, शेपटीपाशी काळा ठिपका. "पानी वढ्याचं घाला. चार दिसांनी निम्मं बदला. आन भाताची शितं लय टाकू नगा. मासा उपाशी मरत न्हाई, लाडानं मरतोय."

खवल्या जगल्या. बायकोने मासे होडीत पाहिले होते, टोपलीत पाहिले होते, तव्यावर पाहिले होते. मासा नुसता राहतो कसा, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तासन्‌तास बघायची. जेवताना मला बातम्या मिळू लागल्या. ती लंगडी आज दोनदा वर आली. त्या दांडग्याने सगळ्यांची शितं खाल्ली, मेला अगदी तुमच्या साहेबासारखा! पाणी बदलायचं काम एकदा मी करून पाहिलं. एक खवली सदऱ्याच्या बाहीत शिरली, दुसरी चुलीपर्यंत गेली. त्यानंतर मला पेटीला हात लावायची बंदी झाली.

कापणी उरकली. सासरे आले, सुकटीचा पुडका घेऊन. दोन दिवस पाहुणचार झाला. जाणार का, हे मी बायकोला विचारलं नाही. छातीच नव्हती. तिने ट्रंक भरली. तिसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर टांगा दारात आला. ट्रंक मीच उचलून ठेवली आणि तोंड हसरं ठेवण्याचा असा काही अभिनय केला की टांगेवाल्याने विचारलं, "पोटात दुखतंय का?"

सासरे टांग्यात बसले. "चल ग, गाडी चुकेल."

बायको उंबऱ्यात आली, एक पाय बाहेर टाकला, मान वळवून पेटीकडे पाहिलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आप्पा, आज कशी येऊ? आज पाणी बदलायचंय, आणि ह्यांना एक मासा धड धरता येत नाही!"