जावईबापूंचं लाल कुलूप

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आमच्या वेळच्या बायका म्हणायच्या. माझ्या वाट्याला आलेला ग्रह लिफ्ट दुरुस्त करतो. उंच, किंचित वाकलेले, अंगाला ग्रीसचा वास आणि बोलणं मोजून-मापून. माझी लेक म्हणायची, "आई, यांच्या तोंडून एक वाक्य काढणं म्हणजे दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट हातानं ओढणं. येते, पण घाम काढते."

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. शिकाऊ होते तेव्हा ते आत हात घालून काम करत होते आणि वर कोणीतरी न बघता स्विच चालू केला. तेव्हापासून पिशवीत एक लाल कुलूप असतं. लिफ्टखाली उतरायच्या आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि वर पाटी अडकवायची: आत माणूस काम करतो आहे, हात लावू नये. किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, साहेब आला तरी दुसऱ्यानं नाही. पोरांना हे तोंडपाठ. पाढे विचारले तर छताकडे बघतील, पण कुलपाचा नियम झोपेतसुद्धा सांगतील.

पोरं तीन. थोरली साडेसात वर्षांची. तिला घरात सगळे हेडबाई म्हणतात, कारण आल्या-गेल्या प्रत्येकाला ती शिस्त लावते. मधली चार वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मी तिला चिमटी म्हटलं, ते चिकटलंच. धाकटा सव्वा वर्षाचा बोका. दुधाच्या भांड्याचा आवाज झाला की असेल तिथून हजर.

उन्हाळा सरता सरता माझी लेक गेली. पोटाचं दुखणं होतं. दवाखान्यात नेलं, तीन आठवडे ठेवलं, आणि ती काही परत आली नाही. नेताना चिमटी दारात उभी होती. तिला काय सांगावं सुचेना, तेव्हा बापाच्या धंद्यातलाच शब्द माझ्या तोंडात आला. म्हटलं, "आईला दुरुस्त करायला नेतायत." पुढे जे झालं ते तिला सरळ शब्दांत कोणी सांगितलंच नाही. अंत्यविधीच्या दिवशी ती आणि बोका शेजाऱ्यांकडे होते. मला वाटलं बाप सांगेल, बापाला वाटलं आजी सांगेल, आणि हेडबाईला वाटलं की सगळ्यांना सगळं माहीतच आहे. ती विचारत नव्हती म्हणून मी मनाची समजूत घातली, की लेकरांना आपोआप कळतं. काही आपोआप कळत नाही. मी चार लेकरं वाढवली, मला ठाऊक असायला हवं होतं.

आठ दिवसांनी पोरांची आत्या मदतीला आली. मनानं चांगली बाई, पण रिकामं बसवत नाही. तिनं माझ्या लेकीचं कपाट उघडलं आणि कपड्यांचे गठ्ठे बांधायला घेतले. हे कोणाला तरी देऊ, ते पुसायला होईल. संध्याकाळी जावईबापू कामावरून आले, पलंगावरचे गठ्ठे बघितले. एकेक कपडा उचलून परत आत ठेवला. मग पिशवीतून लाल कुलूप काढून कपाटाच्या दोन्ही मुठींमधून घातलं, आणि वर पाटीही अडकवली. पाटी कशाला, ते त्यांनाच माहीत. हाताची सवय असेल.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई निघाल्या. दारात मला म्हणाल्या, "तुमचे जावई आहेत, आता तुम्हीच सांभाळा." मी म्हटलं, "भाऊ तुमचा आधीपासूनचा, जावई माझा नंतरचा." दोघी हसलो, आणि मग हसलो म्हणून दोघींना लाज वाटली.

मी माझ्या घराला कुलूप लावून लेकीच्या घरीच राहिले. इकडच्या थंड मुलखात शाळा पानगळीबरोबर उघडतात; त्या उघडल्या, आणि शोक करायला वेळ मिळेना. सकाळी एका पायात मोजा, दुसऱ्या पायातला गायब. डबे, बाटल्या, दप्तरं. शाळेतून चिठ्ठी आली की पोरांच्या डोक्यात उवा झाल्यात. त्या निस्तरतोय तर बोक्याला ताप. बोका उठला तर हेडबाईचा दात पडला आणि तो तिनं चुकून सफरचंदाच्या घासाबरोबर गिळला. दिवसभर रडली. मीही तिच्याबरोबर थोडी रडून घेतली; दाताच्या नावावर कोणी काही विचारत नाही.

जावईबापूंनी कामात कुठे कसूर ठेवली नाही. पहाटे उठून कपडे धुवायला लावायचे, बोक्याला आंघोळ घालायचे. हेडबाईच्या वेण्या त्या साडेआठ-नऊ बोटांनी अशा आवळायचे, की ती म्हणायची, "बाबा, मला लिफ्ट नाही लटकवायची." ते हसायचे नाहीत, जरा सैल करायचे. पण बायकोचा विषय निघाला की उठून जायचे. मला पूर्वी आई म्हणायचे, तेही सोडलं; पोरांच्या कानावर तो शब्द नको म्हणून असेल. मला म्हातारीला नुसतं "अहो, ऐकलंत का" म्हणायचे. दुसरी कुठली वेळ असती तर हसून हसून पोट दुखलं असतं.

मग गारठा पडायला लागला. पोरांच्या स्वेटर-टोप्या लेकीनं थंडी संपल्यावर धुऊन, डांबरगोळ्या घालून, त्याच कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. मी एकदा विषय काढला. "बघतो," म्हणाले. दुसऱ्यांदा काढला, तर संध्याकाळी दुकानातून तीन नवे स्वेटर घेऊन आले. तिन्ही एकाच मापाचे. बोक्याच्या बाह्या जमिनीवर लोळल्या, हेडबाईची बेंबी उघडी राहिली. मी म्हटलं, "जावईबापू, पोरं आहेत ती, नटबोल्ट नव्हेत." ते मान खाली घालून बिलाचा कागद शोधत बसले. तेव्हा मला कळलं, हा माणूस दुकानाच्या हजार खेपा घालेल, पण ते कुलूप काढणार नाही.

त्याच सुमाराला बालवर्गाच्या बाईंनी मला थांबवलं. चिमटीचं वजन उतरलंय, म्हणाल्या, डब्यातलं अर्धंच खाते, उरलेलं रुमालात बांधून घरी नेते. घरीही माझ्या लक्षात आलं होतं. पाव दिला की दोन तुकडे करायची, एक खायची आणि दुसरा मुठीत धरून खुर्चीवरून उतरायची. नंतर खाईन म्हणायची. मला वाटलं, भूक मेली असेल लेकराची. आमची तरी कुठे जिवंत होती.

एका शनिवारी दुपारी मी केर काढत होते. कपाटाच्या खालून मुंग्यांची रांग निघालेली, खिडकीपर्यंत. गुडघे टेकले, ते टेकायला मला वेळ लागतो, आणि हेडबाईच्या दप्तरातली पट्टी घेऊन कपाटाच्या दाराखालची फट कोरली. पावाचे तुकडे निघाले. दगडासारखे झालेले, काही हिरवे. बिस्किटं. उकडलेल्या बटाट्याची काळी फोड. मी मोठ्यानं म्हटलं, "कोणाचे उद्योग आहेत हे?"

चिमटी धावत आली. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल ना आजी. आत काम चालू आहे."

"कसलं काम?"

"आईचं." मग मला काही कळत नाही हे पाहून तिनं समजावून सांगितलं. "बाबाचं कुलूप आहे ना? कुलूप असलं म्हणजे आत माणूस असतो. आई दुरुस्त होतेय. वेळ लागतो. बाबा म्हणतो, घाई केली की काम बिघडतं."

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात, तो तिनं गाठला होता, आणि सूत माझं होतं. दुरुस्त करायला नेलं, हे मी सांगितलं. कुलूप बापानं घातलं. बाकीचं त्या एवढ्याशा डोक्यानं जुळवलं, आणि दीड-दोन महिने आपल्या तोंडातला अर्धा घास ती आईला देत आली.

हेडबाई दारात उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. "वेडी आहेस का, आई तर..." एवढं तिनं म्हटलं आणि मी तिचं तोंड दाबलं. का दाबलं, विचारू नका. इतके दिवस गप्प राहिले होते, आणखी एक दिवस राहावंसं वाटलं. पण आता हे माझ्या तोंडून ऐकवून भागणारं नव्हतं. मी काहीही म्हटलं असतं तरी तिच्या डोळ्यांसमोर कुलूप होतंच. ते लटकत होतं तोवर आई आत होती, आणि पोर अर्धपोटी राहणार होती.

दिवस मावळायच्या आत जावईबापू आले. बेसिनपाशी हात धूत होते, तिथे मी त्या तुकड्यांची बशी नेऊन ठेवली आणि सगळं सांगितलं. ते हात धूतच राहिले. ग्रीस कधीच निघालं होतं, तरी चोळतच होते. मग म्हणाले, "आत तिचा वास आहे. दार उघडलं की तो जाईल. एकदा गेला की गेला."

मी म्हटलं, "माझ्याजवळ भाजी चिरायची सुरी आहे. मुठींचे स्क्रू काढायला दोन मिनिटं लागतील. मी काढत नाही, कारण कुलूप तुमचं आहे. पण वास तुम्ही राखताय आणि उपाशी ती राहतेय."

एवढं बोलून मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. मीही सकाळी पोरं शाळेत गेली की त्या कपाटाच्या फटीला नाक लावून उभी राहत असे, हे त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. नाश्ता झाल्यावर त्यांनी चिमटीला हाक मारली आणि तिचा हात धरून कपाटासमोर नेलं. मी बोक्याला कडेवर घेऊन दाराबाहेरच थांबले. हेडबाई माझ्या पदराला धरून. जावईबापूंनी खिशातून किल्ली काढली.

"थांब," चिमटी म्हणाली. "आधी हाक मार. तीनदा."

हाही त्यांच्याच धंद्याचा नियम. कुलूप काढायच्या आधी आत तोंड करून तीनदा विचारायचं, कोणी आहे का म्हणून. उत्तर आलं नाही तरच कुलूप काढायचं. त्यांनीच पोरांना शिकवला होता, अर्धी बोटं दाखवून.

मला वाटलं, आता हा माणूस किल्ली टाकून निघून जाणार. पण ते गुडघ्यांवर बसले, दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि म्हणाले, "अगं, आत आहेस का?"

माझी लेक स्वयंपाकघरात असली की ते बाहेरून तिला असंच हाक मारायचे, अगं म्हणून. दोन महिन्यांत तो शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. चिमटी कान देऊन ऐकत होती. बोकाही चुळबुळ करायचा थांबला.

"अगं, आहेस का?"

तिसऱ्या वेळी आवाज फुटेना. चिमटीनं त्यांच्या खांद्याला बोट लावलं, अजून एकदा म्हणून. त्यांनी मारली ती हाक मला नीट ऐकूच आली नाही. खोलीत किती शांत होतं ते मात्र ऐकू आलं.

त्यांनी कुलूप काढलं, दोन्ही दारं उघडली. चिमटीनं आधी वर बघितलं, मग खाली. लटकवलेले कपडे दोन हातांनी बाजूला सारून मागची फळी पाहिली, तिच्यावर थाप मारून पाहिली. मग वळून बापाला म्हणाली, "नाहीये."

"नाहीये," ते म्हणाले. "ती मेली, चिमटे. दवाखान्यात दुरुस्त करता आली नाही. खूप जणांनी करून पाहिलं. ती आता येणार नाही, कुठूनच. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

मी त्या माणसाच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं कधी ऐकली नव्हती.

चिमटीनं पुन्हा खाली, कपाटाच्या तळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग माझा पाव कोणी खाल्ला?"

"मुंग्यांनी."

त्यावर तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. जोरात, हातपाय आपटून, मुंग्यांना शिव्या देत. बापानं तिला उचललं नाही, तो तिच्याशेजारी जमिनीवरच बसला आणि तोंड माझ्या लेकीच्या कुठल्याशा कपड्यात खुपसून तोही रडला. हेडबाई आत पळाली. मी बोक्याला घेऊन बाहेरच उभी. आत जागा नव्हती असं नाही, पण मला वाटलं, हे चौघांचं आहे, आणि बोका तर बाहेर माझ्या कडेवर होता. तेव्हा त्याला तेवढा आत सोडला.

दुपारी वरच्या फळीवरचं गाठोडं काढलं. स्वेटर सगळे आखूड झाले होते. हेडबाईचा चिमटीला, चिमटीचा बोक्याला, असे चढवले, आणि हेडबाईनं नव्यांतला एक पोटावर ओढून घेतला. डांबरगोळ्यांच्या वासापुढे दुसरा कुठला वास होता की नव्हता, ते मला काही कळलं नाही. जावईबापूंना कळलं असेल. मी विचारलं नाही.

चिमटीची सवय मात्र लगेच गेली नाही. पाव दिला की ती दोन तुकडे करायचीच. एक खायची आणि दुसरा हातात धरून बसायची, कुठे न्यायचा ते कळत नसल्यासारखी. आम्ही कोणी काही म्हणत नव्हतो. हेडबाईसुद्धा नाही. तो तुकडा ताटातच राहायचा.

झाडं पार उघडी झाली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी डबे भरताना मी सहज वळून पाहिलं, तर चिमटी दुसरा, आईच्या वाटचा तुकडाही खात होती. खिडकीबाहेर बघत, पाय हलवत. सगळा संपवला आणि आणखी आहे का म्हणून विचारलं. तिचं वजन भरणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मी तिला आणखी एक दिला, मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिले, शाळेची गाडी खाली येऊन थांबेपर्यंत.