दाजींचं पुढचं गाव

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका हिंडलेला आणि त्यांच्याइतकं कमी पाहिलेला माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कमी पाहिलेला म्हणजे डोळे मिटून हिंडलेला असं नव्हे. दाजींचे डोळे टक्क उघडे असतात, फक्त ते ज्या गावात उभे असतात त्या गावाकडे नसतात. हंपीत त्यांनी बदामीची चौकशी केली, बदामीत गोव्याची, आणि गोव्यात पोचलो त्या दिवशी एका शहाळेवाल्याला धरून जैसलमेरला उंटावर बसायचं भाडं काय असेल हे विचारत होते. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात उंट पाहिला नसावा. दाजींचं आवडतं ठिकाण कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर दर वेळी निराळं येतं. सारखं असतं ते एवढंच, की ते ठिकाण त्यांनी अजून पाहिलेलं नसतं.

दाजी राहायला लोहाऱ्याला. नोकरी जनावरांच्या दवाखान्यात, ड्रेसर म्हणून. बैलाच्या खांद्याला पट्टी करताना आणि म्हशीला सुई टोचताना ते मालकाशी सहलीच्या गोष्टी बोलत. उन्हानं हैराण झालेली म्हैस दूध देईना म्हणून एक जण आला, तर दाजी त्याला म्हणाले, की ऊटीच्या हवेत हिनं बादली भरली असती. तो माणूस मला पुढं बाजारात भेटला आणि ऊटी कुठल्या तालुक्यात येतं असं अगदी काकुळतीनं विचारू लागला. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत नवरदेवाच्या कानाशी लागून, महाबळेश्वर आता जुनं झालं, मुन्नार बघा, असं सांगून मोकळे. पण कळस केला तो आमच्या चुलत्यांच्या तिसऱ्याला. अस्थी कुठं न्यायच्या याची दबक्या आवाजात चर्चा चालली होती. दाजी पुढं सरकून बसले आणि शांतपणे म्हणाले, "रामेश्वरला न्यावं. धनुष्कोडी तिथनं जवळच हाय, जेवून निघालं तरी बघून होतंय." चुलतभावानं माझ्याकडं पाहिलं. मी गुडघ्यात मान घातली. दाजींच्या बाबतीत मान घालायचं काम कायम माझ्याकडंच असतं.

मी अणदूरच्या शाळेत मास्तर. आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला जाऊन राहतो. सबंध पंचक्रोशी हे श्रद्धेनं सांगते. दाजी ते कौतुकानं सांगतात. देव असावा तर असा, एका जागी बसून कंटाळत नाही, असं त्यांचं मत. पालखीच्या वेळी ते न चुकता आमच्याकडं येतात, गर्दीत माझ्या खांद्यावर हात ठेवतात, आणि देव वेशीबाहेर पडला की विचारतात, "पाव्हणं, मग आपुन कवा निघायचं?" मी दर वर्षी नाही म्हणायचं ठरवतो. पण तोवर त्यांनी माझ्या बायकोला आधीच पटवलेलं असतं, आणि अक्का दाराशी उभी राहून काही न बोलता हसत असते. अक्का म्हणजे माझी बहीण. ती हसली की माझं काही चालत नाही, लहानपणापासून.

अक्काचं प्रवासातलं वागणं दाजींच्या अगदी उलटं. ती बोलत नाही. कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीची पुरचुंडी मांडीवर घेऊन खिडकीशी बसते आणि बघत राहते. बघून झालं की पुन्हा बघते. कन्याकुमारीला सूर्योदय बघायला आम्ही अंधारात जाऊन जागा धरली होती. हजार माणसं पूर्वेकडं तोंड करून श्वास रोखून उभी. दाजी एकटे पाठमोरे, कारण मागच्या रस्त्यावर मदुरेच्या गाड्या लागत होत्या आणि कुठली आधी सुटते हे त्यांना ठरवायचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ते मागं न वळताच म्हणाले, "आला का? चला मग." अक्का पदर सावरत तशीच उभी राहिली. दाजींनी तिला पुन्हा हाक मारली, मग पुन्हा मारली, आणि ती निघाली. आमच्या घरातल्या फोटोंत दाजी कुठंही समोर बघत नाहीत. ताजमहाल असो, गोळघुमट असो, त्यांची मान वळलेली आणि एक हात चौकटीबाहेर कशाकडं तरी दाखवणारा.

एकदा मी खरोखर चिडलो होतो. विजापूरला, तो गोळघुमट चढून धापा टाकत आम्ही वर पोचलो, आणि लोक भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजत होते, पलीकडून ऐकू येतंय म्हणून हरखत होते. दाजींनी भिंतीला तोंड लावलं आणि पलीकडं उभ्या असलेल्या मला ऐकू आलं, "इथनं ऐहोळे किती लांब असंल?" खाली उतरल्यावर मी त्यांना म्हणालो, दाजी, तुम्हाला एखादं गाव तरी आवडलंय का? त्यांना राग आला नाही. चपलेतला खडा काढत बसले होते, तसेच बसून म्हणाले, "आमचा बाप मेंढरं घिऊन हिंडायचा. मी मागं मागं. कुठं पाल टाकलं की म्हातारा अगुदर पुढचं रान बघून यायचा. हे गाव चांगलं हाय असं त्येच्या तोंडून म्या कवाच ऐकलं न्हाई. पुढं चारा हाय, एवढंच म्हणायचा." मग खडा टाकून दिला आणि उठले. माझा राग बराचसा उतरला. तरी ऐहोळेला जाताना गाडीत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते ड्रायव्हरशी हिमाचलबद्दल बोलत होते.

दाजी निवृत्त झाले आणि आम्हाला वाटलं, आता खैर नाही. त्याच हिवाळ्यात मालवण ठरलं. लोहाऱ्याहून जीप केली, आम्ही दोघं, ती दोघं. समुद्राला लागूनच एका बाईंचं घर होतं, माडाच्या बनात दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. पोचलो त्या संध्याकाळी दाजींनी बाईंना गोकर्णाचा रस्ता विचारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं जाहीर केलं. सकाळी पाहतो तर अक्का वाळूत बसलेली. पाय लांब केलेले, पाठ माडाला टेकलेली. दाजी बॅग घेऊन तिच्यापुढं उभे राहिले. ती म्हणाली, "तुमी जाऊन या. मी हितंच हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, अक्का असं काही बोलल्याचं आमच्या कुणाच्या आठवणीत नव्हतं. दाजींनी गोकर्णाचा समुद्र याच्यापेक्षा कितीतरी चांगला असल्याचं सांगितलं, तिथल्या देवळाचं महत्त्व सांगितलं, भाडं भरलेल्या जीपचं सांगितलं. ती म्हणाली, मला हा समुद्र पुरे. माझी बायकोही तिच्याशेजारी फतकल मारून बसली. दाजी माझ्याकडं वळले, आणि मान घालायची ती मी नेहमीप्रमाणं घातली. थोड्या वेळानं जीपमध्ये ड्रायव्हर, दाजी आणि मी असे तिघं गोकर्णाला निघालो होतो. मी मनातल्या मनात दाजींच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करत होतो.

कुडाळपर्यंत ते बोलले. सावंतवाडीच्या पुढं बोलणं थांबलं. मला आधी बरं वाटलं, मग चमत्कारिक वाटू लागलं, कारण गाडीत बसून गप्प राहिलेले दाजी मी पाहिले नव्हते. बांद्याला चहाला थांबलो. दाजींनी कप हातात धरला आणि विचारलं, की अक्का सकाळी स्वतःहून जाऊन बसली होती का तिला कुणी नेऊन बसवलं होतं. मी म्हणालो, मला काय माहीत, मी उठलो तेव्हा ती बसलेली होती. ते म्हणाले, "म्या हात पुढं केल्ता उठायला. तिनं धरला न्हाई." चहा तसाच ठेवून ते गाडीशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मागं घे."

ड्रायव्हरला कळेना. मलाही कळेना. दाजींच्या गाडीनं आजवर कधी मागं तोंड केलं नव्हतं. वाटेत त्यांनी एकदाही आजूबाजूच्या गावाची चौकशी केली नाही, फक्त अजून किती राहिलं हे विचारत राहिले, आणि तेही त्याच गावाबद्दल, जिथून सकाळी निघालो होतो.

पोचलो तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. वाळूत कुणी नव्हतं. घरमालकीण ओटीवर होत्या, आम्हाला बघून त्यांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी सांगितलं, की अक्काला त्यांनी आणि माझ्या बायकोनं मिळून दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं. गुडघे इतके सुजले होते, की घराच्या तीन पायऱ्या तिला चढवेनात. बाई मग जरा रागानंच म्हणाल्या, "दोन वर्सां गोळये खाऊन फिरतहत त्या. तुमका म्हायत नाय?"

दाजींना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गेल्या दोन वर्षांतलं कन्याकुमारी, विजापूर, सगळं तिनं गोळ्यांवर चढून-उतरून पाहिलं होतं. आत अक्का कॉटवर पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना कसलासा लेप. दाजी दारातच उभे राहिले. जन्मभर जनावरांचे लंगडणारे पाय नुसत्या चालीवरून ओळखलेला माणूस तो. म्हणाले, "सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर घरीच बसला असता तुमी," अक्का म्हणाली. "मग मला कुणी नेलं असतं?"

दाजी तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी त्या लेपाला हात लावून पाहिला, दवाखान्यात लावत तसा, हलक्या बोटांनी. मी बाहेर आलो. समुद्राला ओहोटी लागली होती. आणखी काही दिवस आम्ही तिथंच राहिलो. दाजी रोज तिला खुर्चीवर बसवून माडाखाली नेत आणि स्वतः शेजारी वाळूत बसत. त्यांना ते जड जाई. मधूनच उठत, चार पावलं टाकत, परत येऊन बसत. पण गोकर्णाचं नाव काढलं नाही.

गुडघ्यांची ऑपरेशनं सोलापूरला झाली, आधी एक, मग दुसरं. या वर्षी सहल नाही. मी चिडून चिडून ज्याची वाट पाहिली होती ते हे वर्ष. आता लोहाऱ्याला गेलो की दाजी अक्काला चालवत असतात. आधी दारापर्यंत, मग लिंबाच्या झाडापर्यंत, मग तहसीलच्या कोपऱ्यापर्यंत. एक हात तिच्या दंडाला, नजर खाली तिच्या पावलांवर. मी मुद्दाम लडाखचा विषय काढून पाहिला. ते "हां हां" म्हणाले आणि रस्त्यातला दगड पायानं बाजूला सारला. मला चक्क वाईट वाटलं. घरी परतताना मी बायकोला म्हणालो, की या माणसानं मला अस्थींच्या बैठकीत मान खाली घालायला लावली तेव्हासुद्धा इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं.

परवा अक्का पहिल्यांदा एसटी स्टँडपर्यंत चालत आली. मीही बरोबर होतो. कँटीनच्या बाकावर आम्ही तिला बसवलं, दाजींनी चहा सांगितला, बशीत ओतून फुंकर घालून तिच्यापुढं धरला. समोर एक गाडी येऊन लागली, धुळीनं पाटी झाकलेली. लोक चढू लागले, ड्रायव्हर उतरून पाणी प्यायला गेला. दाजींनी त्या गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. अक्का मात्र मान उंचावून पाटी वाचायचा प्रयत्न करत होती.

"ही कुठं जाते वो?" तिनं विचारलं.

"जाऊ दे कुठं बी. चहा पी अगुदर, गार व्हायलाय."

अक्कानं बशी रिकामी केली, पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "इचारून तर या."

दाजींनी रिकामी बशी बाजूला ठेवली. मग उठले, टोपी नीट केली, आणि स्टँडचं ते मोकळं पटांगण ओलांडून गाडीकडं निघाले. निम्म्यात थांबून त्यांनी वळून पाहिलं, अक्का नीट बसली आहे ना ते. अक्कानं हातानं, जा जा, अशी खूण केली. पोचल्यावर ते कंडक्टरशी बोलायला लागले ते कितीतरी वेळ. कंडक्टरनं घंटी दिली तरी दाजींचा हात गाडीच्या दारावरच होता. आमचा चहा केव्हाच संपला होता. मी बाकावर बसून राहिलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी लवकर परत यावं असं मला वाटलं नाही.