सोडियमच्या शेवटच्या कक्षेतले काका

दुष्काळाच्या त्या साली माजलगावच्या धरणात म्हशी चरत होत्या आणि मी जवळच्याच एका गावात नववीला अणू शिकवत होते. शाळेचा हौद कोरडा ठाक. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, "बाई, सोमवारपर्यंत टँकर न्हाई आला तर शाळेला कुलूप." टँकर साखर कारखान्याच्या हातात, आणि कारखान्याचे चेअरमन विचारेल त्याला म्हणायचे, "बघू." डोकं फिरायचं माझं! शेवटी विज्ञान प्रदर्शन भरवलं आणि उद्घाटनाला त्यांनाच बोलावलं. सगळं संचालक मंडळ घेऊन आले, बघायला गावही लोटलं.

टेबलावर अणूचा इतिहास मांडला होता. आधी लोक अणू भरीव समजायचे, म्हणून एक दगडगोटा. मग एका शास्त्रज्ञाला वाटलं, कलिंगडात बिया तसे त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले असतात. आता त्या साली कलिंगड कुठून आणायचं? गुळाच्या ढेकळात शेंगदाणे खोवले. पाहुणे यायच्या आत कार्ट्यांनी सगळे इलेक्ट्रॉन खाऊन टाकले!

उरला पुढचा शोध, मधे जड केंद्र आणि भोवती कक्षा. तो माणसं बसवून दाखवायचा होता. मैदानात फक्कीनं वर्तुळं आखली, मधे खुर्ची ठेवली.

"साहेब, तुम्ही केंद्र. अणूचं सगळं वजन तुमच्यात. केंद्र जागचं हलत नाही."

साहेब लई खूश. संचालक अकरा, म्हणजे सोडियम. आत दोन, मग आठ, शेवटी एक. पण ऐकतंय कोण? अकराच्या अकरा पहिल्या वर्तुळात घुसले.

"अहो, तिथं दोनच मावतात!"

"बाई, आमी पहिल्यापासून सायबाजवळच हाव. कावून मागं बसावं?"

छडी आपटली तेव्हा कुठं बसले. सगळ्यात बाहेर, उन्हात, एकटे पडले ते विरोधी पॅनलमधून निवडून आलेले काका. तोंड फुगवून बसले बिचारे.

माझं भाषण लांबलं. चेअरमनांच्या घशाला कोरड पडली. "पानी आना रे कुनीतरी."

एक हलेल तर शपथ! उठलं की जागा गेली, मागचा टपलेलाच.

"शाळेत पाणी नाहीच, साहेब," मी म्हणाले. "असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?"

चेअरमन लालबुंद झाले. "मंग टँकर घिऊन या बे कुनीतरी!"

"तुम्हीच उठा ना, साहेब," मी म्हणाले.

"केंद्र हालत न्हाई म्हनला ना तुमी?"

आतले दहा जण एकमेकांची तोंडं बघत बसले. बाहेरचे काका मात्र धोतर झटकत उठले. "आपल्याला कुठं जागेची पडलीय?" म्हणाले आणि फटफटीवर निघून गेले.

परत आले ते टँकरमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. पाइप हौदात पडला, पोरी किंचाळल्या आणि मला चक्क रडू आलं. एवढ्या गावासमोर आता 'बघू' कसं म्हणणार? चेअरमनांनी टँकर रोजचा करून टाकला.

वार्षिक परीक्षा शाळेतच झाली. मी प्रश्न घातला होता, सोडियमच्या शेवटच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन सहज का निघून जातो? निम्म्या वर्गानं लिहिलं, 'पाणी आणायला.' हेडमास्तर लई तापले, पण मी पूर्ण मार्क दिले.