सहाव्या कडव्यातली ओ

सारजाच्या नवऱ्याचं नाव मल्हार, आणि तिचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. अंथुर्ण्याच्या धनगर वस्तीवर मल्हार काय एकच असतो होय? शेजारचे तात्या मल्हार, किराणा दुकानातला गडी मल्हार, आणि देव तर मल्हारीच. नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं सांगितलं होतं. सारजानं ते पदराला गाठ मारल्यासारखं ठेवलं. तीस वर्षं झाली तरी सुटलं नाही. तात्यांना ती "पलीकडल्या घरचे" म्हणायची. जेजुरीला गेली तर गाभाऱ्यापुढं हात जोडून "देवा, तुला ठावं हाय तू कोण त्ये" एवढंच पुटपुटायची. बाया हसायच्या. सारजा म्हणायची, हसा की, माझं काय जातंय.

पण मागच्या श्रावणात मल्हारला झटका आला तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. बारामतीच्या दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं आणि सारजा इकडंतिकडं बघायला लागली. दीर जीप लावायला गेलेला. नर्सनं पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. सारजाचे ओठ हलेनात. शेवटी तिनं नवऱ्याचा लुळा हात उचलून नर्सच्या तोंडापुढं धरला. मनगटाच्या वर हिरव्या अक्षरात नाव गोंदलेलं होतं. सारजाला वाचता येत नव्हतं, पण तिथं काय आहे हे तिला पाठ होतं.

मल्हार घरी आला तो उजवी बाजू आणि वाचा दवाखान्यातच ठेवून. आतल्या खोलीत बाजेवर पडून असायचा. आठ महिन्यांत त्याच्या तोंडून हूं का चूं निघालं नाही. सारजा त्याला भरवायची, पुसायची, कूस बदलायची, आणि हाक मारायची ती पूर्वीसारखीच, "ऐकलं का?"

आता गाण्याचं सांगतो. वस्तीवर एक जुनं गाणं होतं, सात कडव्यांचं, आणि ते सारजाइतकं कुणाला येत नव्हतं. मेंढरं उतरली पाण्याला, म्होरं कोण गं चालतो? म्होरं चालतो मल्हारी, भाळी भंडार झळकतो. प्रत्येक कडव्यात तो शब्द यायचाच. तो आला की सारजा तोंड मिटायची आणि तिची जाऊ भागूबाई तेवढा शब्द म्हणायची. पुढं पुन्हा सारजा. इतकं सराईत व्हायचं की परक्याला सांधा कळायचा नाही.

सारजाची पोरगी मनिषा बारामतीला कॉलेजात शिकत होती. कॉलेजात तेव्हा नवाच कोर्स निघाला होता, आणि पोरांना गटागटानं एका गाण्याची चित्रफीत करायची होती, केबलवर लागतात तसली. घाला की पोरी नाचायला, लावा कॅमेरा, झालं! पण त्यांचे सर मोठे खमके. आधी संशोधन, मग कॅमेरा, म्हणाले. आधी दुसऱ्यांनी केलेल्या चित्रफिती बघा, कुठल्या ओळीला चित्र बदलतं ते लिहून काढा. जागा आपल्या डोळ्यांनी बघा, ऊन कुठून येतं ते टिपा. बघणाऱ्यांना काय आवडतं ते पन्नास जणांना विचारा. आणि ज्याचं गाणं त्याच्या तोंडून ऐका, ऐकीव लिहू नका. मनिषा वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी. तिनं आईचं गाणं सुचवलं आणि गटानं ते उचलून धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तिचं ऐकलं होतं.

पहिल्या खेपेला चौघं आली. त्यातला यशराज हा ऊसवाल्या घरचा, आदबशीर मुलगा. टेपरेकॉर्डर त्याचाच आणि टिपणाची वहीही त्याच्याकडंच. दोघी जावांनी मिळून गाणं म्हटलं. चहा झाला. आठ दिवसांनी मनिषा मान खाली घालून घरी आली. दोन आवाज मिसळलेत, मूळ गाणारीचा एकटीचा आवाज पाहिजे, असं सर म्हणाले होते. म्हणून यशराजनं टेपवरचा सारजाचा तेवढा आवाज वेगळा धरून ऐकून बघितला होता, आणि वहीत लिहिलं होतं, गायिका येथे शब्द विसरते.

"इसरते? मी?" सारजा म्हणाली. तिला राग आला आणि हसूही आलं. ज्या शब्दाला ती तीस वर्षं क्षणभर विसरली नव्हती, तोच म्हणे विसरली.

खरं कारण मनिषानं कॉलेजात सांगितलं होतं. सरांना ते फार आवडलं, त्यावर एक परिच्छेद लिहा म्हणाले. पण चित्रफितीला गाणं अखंड लागतं. नाहीतर दुसरं गाणं घ्यायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी गावचं. मग मनिषा पुन्हा मागच्या बाकावर.

"आई, त्यो देव हाय. आबा न्हायत," मनिषा म्हणाली.

सारजानं काय करावं? आत माणूस तसा पडलेला, बाहेर पोरगी अशी उभी.

दुसऱ्या खेपेला मनिषा आणि बाकीची दोघं कालव्यावर ऊन बघायला गेली. आवाज मिसळू नये म्हणून भागूबाईलाही त्यांच्याबरोबर धाडलं. सोप्यात यशराज, टेप आणि सारजा. भिंतीपलीकडं बाज. पहिलं कडवं आलं, सारजाचं तोंड मिटलं. दुसऱ्याला तेच. यशराज न कंटाळता टेप मागं घ्यायचा, "मावशी, परत बघू," म्हणायचा. तो चिडला असता तर बरं झालं असतं, सारजाला उठून तरी जाता आलं असतं. पाचही कडवी तशीच गेली. सहाव्याला तिनं डोळे मिटले, मनात जेजुरीचा देव धरला आणि शब्द सोडला. तो गाण्यासारखा निघालाच नाही. हाक मारल्यासारखा निघाला.

"मल्हारी!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "ओ."

यशराजनं टेप थांबवली. गाणं फार छान झालं, पण मधेच कुणीतरी बोललं, तेवढं परत घेऊ, म्हणाला. काहीतरी टिपून घेतलं. सारजा उठून आत गेली. मल्हार छताकडं बघत होता. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण त्या डोळ्याला झटक्यापासून रोजच पाणी यायचं. "ऐकलं का?" तिनं विचारलं. काही नाही. तोंड तिच्याकडं वळवलं, तरी काही नाही. बाहेरून यशराज हळूच मावशी, मावशी करत होता. एकदा बाटलेल्या तोंडाला आता कसली भीती? ती बाहेर आली आणि सातही कडवी सलग म्हणाली, सात वेळा नाव घेऊन. पलीकडून पुन्हा ओ आली नाही. मनिषा आली तेव्हा सारजा तिला त्यातलं काही बोलली नाही. पोरगी इतकी हरखली होती.

बाराव्या दिवशी मल्हार गेला. दुसरा झटका, डॉक्टर म्हणाले. वस्तीवरच्या बायांनी तोंडानं काही म्हटलं नाही. भागूबाई मात्र बोलून गेली, "नाव घेटलंस, बाई." मग तिनंच सारजाला पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या. पण बोललेलं ते बोललेलंच.

सारजानं ते सोसलं. जे सोसवेना ते वेगळंच होतं. ती ओ कसली होती? तीस वर्षांत बायकोच्या तोंडून पहिल्यांदा नाव ऐकून माणूस सुखावला होता, की घेतलंस ना शेवटी माझं नाव, म्हणून भ्यायला होता, रागावला होता? पहिले काही दिवस आवाज कानात होता. मग तो तिथून झिजत गेला. पीठ मळता मळता ती स्वतःशीच ओ म्हणून बघायची, आखूड, लांब, खालच्या आवाजात. कुठलीच जुळायची नाही. आता ती खरी ओ एकाच जागी होती, त्या टेपमध्ये. महिना सरल्यावर तिनं मनिषाला सगळं सांगितलं आणि म्हणाली, मला तेवढं एकदा ऐकव.

मनिषाचा चेहरा उतरला. टेपचं काय झालं असावं याचा तिला अंदाज आला होता, पण ते सांगायची हिंमत झाली नाही. तिनं आईला एसटीत घालून बारामतीला नेलं. कॉलेजच्या ओट्यावर यशराजनं कॅसेट लावली. आतून बारामती स्टँड वाजायला लागलं. गाड्यांचे हॉर्न, आणि एकामागून एक माणसं सांगतायत, गाण्यात नाच पाहिजे, शेळ्यामेंढ्या नकोत, हिरवळ दाखवा. बारामतीच्या एका गाणाऱ्या मुलीनं सारजाचं गाणं त्या कॅसेटवरून बसवून घेतलं होतं. मग कॅसेटचं काम झालं म्हणून त्याच फितीवर पन्नास जणांची मतं घेतली होती.

"फुडं असंल," सारजा म्हणाली.

तिनं दोन्ही बाजू ऐकल्या. पन्नासही माणसं बोलून झाली आणि नुसती खरखर राहिली, तीही तिनं शेवटपर्यंत ऐकली. यशराज रडवेला झाला होता. आवाज कसा होता ते आठवतं का, असं मनिषानं त्याला विचारलं. त्या वेळी त्याचं लक्ष टेपवरच्या आवाज दाखवणाऱ्या काट्याकडं होतं. मला नाही गं आठवत, पण लिहून ठेवलंय, असं म्हणून त्यानं वही काढून दिली.

मनिषानं पानं उलटली आणि वाचलं, "सहावं कडवं, पहिला प्रयत्न. व्यत्यय."

"म्हंजी काय?"

"मधी कायतरी आलं, म्हंजी."

"ते मला ठावं हाय. रागानं आलं का मायेनं, त्ये लिवलंय का?"

मनिषानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. ओळीत तेवढंच होतं.