दोन शिफ्टची माणसं एका टेबलावर

मार्टिन पॅकिंग लाइनसमोर उभा राहून माणसं मोजत होता.

मार्टिन जर्मनीच्या हेडऑफिसमधून आलेला. सलाइनच्या नळ्या पॅक करणारा काशीमीऱ्याचा आमचा प्लांट त्यांच्या मालकीचा. मी तिथली एचआर मॅनेजर. आमचे एमडी देसाई सर यांना एकच धास्ती होती, प्लांट रिकामा दिसला तर हेडऑफिस तो बंद करेल. म्हणून त्यांनी दुपारच्या शिफ्टलाही सकाळीच बोलावलं. प्लांट कसा गजबजलेला दिसला पाहिजे! मी नको म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

पण हेडऑफिसवाले येतात ते हेडकाउंट बघायला, म्हणजे एका कामाला किती माणसं लावलीत ते. आणि इथे चौघींच्या टेबलाला आठ बायका खेटून बसलेल्या. दुपारच्या शिफ्टमधल्या, खारी गावच्या सुनंदाताई माझ्या कानाशी आल्या. "मॅडम, आमाला कशाला बोलावलंय? काम तं न्हाय."

मीटिंग रूममध्ये मार्टिनने शांतपणे सांगितलं की पॅकिंगमधली निम्मी माणसं कमी करता येतील, तशी शिफारस तो करणार आहे. देसाई सर टेबलाकडे बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे. मी बोलले तर माझी नोकरी जाणार, गप्प बसले तर त्या बायकांची. खरं सांगते, उठून पळून जावंसं वाटलं.

"यात दुपारची शिफ्टपण आहे," मी म्हणाले. "रोज याच्या निम्म्याच असतात."

मार्टिनने लॅपटॉप बंद केला. "मग आज मी पाहिलं त्यातलं खरं किती?"



बायकांच्या नोकऱ्या वाचल्या. माझीही राहिली, का ते मला आजही कळलेलं नाही. देसाई सरांची नोकरी महिन्याभरात गेली. त्यांच्या जागी हेडऑफिसने आपला माणूस बसवला आणि प्रत्येक टेबलावर कॅमेरा. आता कोण किती वेळा उठलं ते थेट जर्मनीत दिसतं. सुनंदाताई पाणी प्यायलासुद्धा घाबरत उठतात. मीही.

घर भरलेलं दिसावं ही आपली हौस. मालक मात्र आल्या आल्या ताटं मोजतो.