गाणं ठेवलं, बोलणं कापलं

मला गाता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

तेलगावात आमचं किराणा दुकान, दुकानामागं घर, आणि घराला लागून महादेवाचं देऊळ. दर सोमवारी दिवेलागणीला देवळात भजन असायचं. मी टाळ धरायचो, तोही मागच्या रांगेत, कारण माझा ताल चुकला की पखवाजवाला मान वळवून माझ्याकडं बघायचा. लहानपणी घरी रेडिओ होता. आवडलेलं गाणं संपत आलं की जीव कासावीस व्हायचा. पुन्हा कधी लागेल ते कुणाला ठाऊक. गळ्यात असतं तर मी ते गुणगुणत बसलो असतो. गळ्यात नव्हतं, म्हणून मला ते कपाटात हवं होतं. माणसं गाणी का जमवतात, याचं मला सापडलेलं उत्तर एवढंच. दुसऱ्यांचं वेगळं असेल.

दुकान माझ्या हाती आल्यावर मी पहिली चैन केली ती टेपरेकॉर्डरची. मग कॅसेटी. विकतच्या, भरून घेतलेल्या, आणि पुढं पुढं मी स्वतः भरलेल्या. काचेचं कपाट केलं. पोरांच्या वह्यांनाही नसेल अशी, अक्षर काढून लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक कॅसेटीला लावली. एकच कायदा होता. कॅसेट घराबाहेर जाणार नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही मी रिकाम्या हातानं परत पाठवलेलं आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

भजनात मुख्य गाणारा माझा मित्र होता. शेजारच्या वस्तीवर राहायचा, ऊस करायचा. डेअरीला दूध घालून तसाच देवळात यायचा, पाय धुवायचा आणि पेटीचा सूर मिळाला की डोळे मिटायचा. त्याचं गाणं ऐकताना मला माझ्याच कमनशिबाचा राग यायचा, आणि तरी ते संपू नये असं वाटायचं. म्हणून मी टेप घेऊन त्याच्या पुढ्यात बसायला लागलो.

अडचण एकच होती, तो लई बोलायचा. दोन भजनांच्या मध्ये पेटीवाल्याची थट्टा, कारखान्याची ऊसतोड कधी येणार, कुणाची म्हैस आटली, काय वाटेल ते. कॅसेटीची एक बाजू अर्ध्या तासाची. ती म्हशीत घालवायची का? मी अंगठा बटणावर ठेवूनच बसायचो. गाणं संपलं की टक्. पेटी सुरू झाली की परत टक्. बोलणं कापायचं, गाणं ठेवायचं. उमापूरचे एक भजनी पाहुणे एकदा कॅसेट ऐकून म्हणाले, "वा, खोकला म्हणून ऐकू येत न्हाई." त्या शब्दांवर मी कितीतरी दिवस फुगून होतो.

मग त्याचा गळा धरला. तंबाखूचा कॅन्सर, म्हणाले डॉक्टर. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि तो वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. तो सोमवारी येत राहिला. गळ्याला उपरणं गुंडाळून मागच्या रांगेत, माझ्या शेजारी टाळ घेऊन बसायचा. एकदा घरी आला तेव्हा त्याला बरं वाटेल म्हणून मी त्याचीच कॅसेट लावली. दोन ओळी झाल्या असतील. त्यानं हात वर केला, बंद कर. पुन्हा मी त्याच्यासमोर ते कपाट उघडलं नाही. अशी बरीच वर्षं गेली, आणि गेल्या दिवाळीनंतर तोही गेला.

तीनेक महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी त्याची बायको, आमच्या वहिनी, आल्या. पिशवी दाराशी ठेवून माझ्या बायकोजवळ बसल्या. चहा झाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भावजी, यांचा आवाज ऐकावा म्हणून आले. तुमी एक कॅसेट द्यायची कबूल केली होती म्हणे. हे सांगत होते. पर मागं लागावं असं कधी वाटलं न्हाई मला."

मला काही आठवेना. तरी मान हलवली आणि मोठ्या उत्साहानं कपाट उघडलं. सगळ्यात स्वच्छ कॅसेट काढली. वहिनींनी पदर तोंडाशी धरून दोन भजनं ऐकली. तिसरं सुरू होताना म्हणाल्या, "हे गाणं हाय. गाणं तर सगळ्या गावानं ऐकलंय. त्यांचं बोलणं न्हाई का कुठं?"

मी टेप बंद केला.

"लेकीच्या मोबाईलात हायेत ते. हसतेत, हात हालवतेत. पर मोबाईल घरात आला तवर आवाज गेलता. आता मी त्यांचं बोलणं आठवू बघते तर येतच न्हाई. मला भ्या वाटतंय, भावजी."

शोधतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुढचे आठ दिवस दुपारी दुकान पोराकडं देऊन मी एकेक कॅसेट लावली. आयुष्यात पहिल्यांदा गाणी पुढं पळवून मधल्या जागा ऐकल्या. भजन संपलं, टक्, पेटी. भजन संपलं, टक्, पेटी. किती नेटकं काम केलं होतं मी! पोरगा म्हणाला, "अप्पा, काय हुडकताय एवढं?" मी त्याच्यावर उगाच खेकसलो. खरं तर मला माझ्या अंगठ्याची लाज वाटत होती.

नवव्या दिवशी सापडलं. भजन संपलं आणि टक् झालं नाही. त्याचा आवाज आला, जवळचा, थोडा दमलेला.

"एखादी कॅसेट दे बे घरी न्यायला. ही म्हणती, मला निवांत ऐकायचंय."

मग माझा आवाज. "कॅसेट बाहेर जात न्हाई. ऐकायचं असलं तर इकडं ये."

"कावून बे? खाऊन टाकतो का काय मी?" आणि तो हसला. चांगला पोटातून हसला. मग टक्.

नकार द्यायच्या नादात माझा अंगठा बटण दाबायला विसरला होता. एवढ्या सगळ्या कॅसेटींत त्याचं बोलणं वाचलं ते माझ्या कंजूसपणाच्या आधारानं. आणि कबूल तर मी कधीच केलं नव्हतं. घरी जाऊन बायकोला तसं सांगितलं ते त्यानं, माझी अब्रू राखायला.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो माझं वाक्य पुसून टाकायचा. चार सेकंदांचं काम, आणि त्या कामात माझा हात बसलेला. बोट बटणावर गेलं. बायको दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आता तरी काही कापू नका."

पुढच्या बाजाराला वहिनी आल्या. मी काही न सांगता कॅसेट लावली. त्याचा आवाज आला तशा त्या ताठ झाल्या. हसणं संपलं. म्हणाल्या, "परत लावा." परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. माझी बायकोही रडत होती. मी जमिनीकडं बघत म्हणालो, "वहिनी, मी कबूल केलंच न्हवतं. माझं चुकलं."

"ठाऊक हाय मला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "खोटं बोलताना ते कान चोळायचे. त्या दिशी कान चोळीतच म्हणले, देतो म्हणलाय."

मी कॅसेटीच्या पाठीवरच्या दोन्ही बारक्या पट्ट्या पेचकसानं मोडून टाकल्या. त्या मोडल्या की तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरता येत नाही. मग लक्षात आलं, वाजवायला त्यांच्याकडं यंत्रच नाही. आता ते कुठं मिळतही नाही. मी टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळली आणि तोही त्यांच्या पिशवीशेजारी नेऊन ठेवला. बायको माझ्याकडं बघतच राहिली.

वहिनी निघताना दारात थांबल्या. भरलेल्या कपाटाकडं त्यांनी एकदा बघितलं. "आता तुमी कशावर ऐकणार?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ऐकायचं असलं तर तिकडं या, भावजी."

हे सहज म्हणाल्या की मला माझंच वाक्य परत केलं, अजून कळलेलं नाही. सोमवारी भजनाच्या आधी मी वस्तीवर जातो. बाकीच्या कॅसेटी इथंच कपाटात राहतात. वहिनी ती एकच लावतात, मी ऐकतो. माझं वाक्यही ऐकतो.